ओसरीवरची जावास्क्रिप्ट थेट माजघरात! ब्राउझरशिवाय, टर्मिनलमधून ती नेमकी चालते कशी?

लॅपटॉपवर फेसबुक उघडलं, थोडं चाळलं, मध्येच एखाद्या बातमीच्या लिंकवर क्लिक केलं, तिथून तिसऱ्याच पानावर गेलात. एवढ्या दहा मिनिटांत तुमच्या मशीनवर कितीतरी अनोळखी माणसांनी लिहिलेले प्रोग्राम चालून गेलेले असतात. हे सगळे प्रोग्राम बहुतेक एकाच भाषेतले असतात, ती म्हणजे जावास्क्रिप्ट.

"हा प्रोग्राम चालवू का?" असं तुम्हाला कुणी विचारलं होतं का? नाही. आणि तरीही त्याची भीती कुणालाच वाटत नाही.

याचं श्रेय ब्राउझरला जातं. जुन्या घरांत अनोळखी माणूस आला की त्याला ओसरीवर बसवत. पाणी देत, चार गोष्टी बोलत, पण माजघरात नेत नसत. ब्राउझर जावास्क्रिप्टशी अगदी असाच वागतो. पानावरचं चित्र हलव, बटण दाबल्यावर मेनू उघड, नवीन कमेंट आणून दाखव, हे सगळं चालेल. पण तुमच्या डॉक्युमेंट्स फोल्डरमध्ये काय काय आहे हे तिला बघायचं असेल, तर तुम्ही स्वतः फाईल निवडून हातात दिल्याशिवाय ते जमत नाही.

आता गंमत अशी, की हीच भाषा ब्राउझर बंद ठेवूनही चालवता येते. संगणकावर एक साधी, बहुतेकदा काळी खिडकी असते. मॅक आणि लिनक्सवर तिला टर्मिनल म्हणतात, विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट किंवा पॉवरशेल. तिथे 'नोड' हा शब्द इंग्रजीत लिहायचा, एक स्पेस, पुढे फाईलचं नाव आणि एंटर. झालं, प्रोग्राम चालला.

फरक एवढाच, की इथे ओसरी नाही. पाहुणा सरळ माजघरात येतो, आणि तिजोरीची चावी जिथे टांगलेली असते तिथेच उभा राहतो.

ही भाषा ब्राउझरबाहेर आली कशी?

१९९५ सालच्या मे महिन्यात नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आयक या प्रोग्रामरने अवघ्या दहा दिवसांत या भाषेचा पहिला नमुना लिहिला. आधी नाव होतं मोका, मग लाईव्हस्क्रिप्ट, आणि डिसेंबरमध्ये जावास्क्रिप्ट. त्या वेळी जावा या दुसऱ्या भाषेचा फार गाजावाजा होता, म्हणून ते नाव चिकटवलं गेलं. दोघींचं नातं आडनावबंधूंइतकंच आहे!

तिला ब्राउझरबाहेर नेण्याचे प्रयत्न लगेच सुरू झाले होते. विंडोज ९८ मध्ये 'विंडोज स्क्रिप्ट होस्ट' नावाची सोय होती. मायक्रोसॉफ्टची जेस्क्रिप्ट, म्हणजे जावास्क्रिप्टचीच बहीण, त्यावर थेट चालायची. तिच्या शेजारी व्हीबीस्क्रिप्ट ही दुसरी भाषाही चालायची. मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' नावाच्या विषाणूने जगभरच्या ऑफिसांची ईमेल कोलमडवली, ती या व्हीबीस्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या एका छोट्या फाईलच्या जोरावर. लोकांना ते प्रेमपत्र वाटलं, त्यांनी डबल क्लिक केलं आणि स्क्रिप्ट होस्टने सांगितलेलं काम इमानेइतबारे केलं. स्क्रिप्टला संगणक मोकळा दिला की काय होतं याचा धडा तेव्हाच मिळाला होता.

पण तेव्हाची जावास्क्रिप्ट संथ होती, त्यामुळे मोठ्या कामांसाठी तिचा विचार कुणी फारसा करत नसे. हे चित्र सप्टेंबर २००८ मध्ये बदललं. गूगलने क्रोम ब्राउझर आणला आणि त्याच्या पोटात 'व्ही८' नावाचं इंजिन होतं. हे इंजिन जावास्क्रिप्टचं रूपांतर थेट प्रोसेसरला कळणाऱ्या भाषेत करत असे, त्यामुळे तिचा वेग कमालीचा वाढला. शिवाय व्ही८ मुक्त स्रोत होतं, म्हणजे कुणीही ते उचलून वापरू शकत होतं.

रायन डाल या अमेरिकन प्रोग्रामरने ते उचललं. ब्राउझरचा सगळा भाग बाजूला ठेवला, आणि इंजिनाला फाईल वाचण्याचे, लिहिण्याचे, नेटवर्कशी बोलण्याचे हात-पाय जोडले. या जोडणीचं नाव नोड. नोव्हेंबर २००९ मध्ये बर्लिनच्या जेएसकॉन्फ परिषदेत त्याने ती जगाला दाखवली.

नोडची खरी ताकद वाट बघण्यात आहे, असं म्हटलं तरी चालेल. उडप्याच्या हॉटेलातला वेटर एका टेबलाची ऑर्डर आत सांगितल्यावर डोसा होईपर्यंत भटारखान्याच्या दाराशी उभा राहत नाही. तो दुसऱ्या टेबलाकडे जातो आणि घंटा वाजली की परत येतो. नोडही डिस्कवरून फाईल येईपर्यंत अडून बसत नाही, तेवढ्यात पुढचं काम हाती घेतो.

एक साधं उदाहरण बघूया

हे सगळं प्रोग्रामर लोकांसाठी आहे, असं वाटत असेल तर थांबा. अँड्रॉइड फोनमधले व्हॉट्सअॅपचे फोटो लॅपटॉपवर उतरवले असतील तर त्यांची नावं आठवा. 'आयएमजी', मग एक आडवी रेघ, मग २०२४०११५ अशी आठ आकड्यांची तारीख, पुन्हा रेघ, आणि पुढे 'डब्ल्यूए' व क्रमांक. असे तीन-चार हजार फोटो, त्यातले निम्मे सुप्रभातचे, एकाच फोल्डरमध्ये कोंबलेले असतात. त्यांची महिन्यांनुसार विभागणी हाताने करायची म्हणजे दोन रविवार गेलेच.

नोडला हे काम वीसेक ओळींत सांगता येतं. नावाची पहिली चार अक्षरं, म्हणजे 'आयएमजी'ची तीन इंग्रजी अक्षरं आणि रेघ, सोडून द्यायची. पुढचे सहा आकडे उचलायचे. २०२४०१ म्हणजे २०२४ चा जानेवारी. त्या नावाचा फोल्डर नसेल तर तयार करायचा आणि फोटो त्यात हलवायचा. मग पुढचा फोटो.

आधुनिक जावास्क्रिप्टची मजा इथे कळते. वर म्हटल्याप्रमाणे नोड वाट बघत थांबत नाही. मग 'फोल्डर तयार कर' आणि 'फोटो हलव' या दोन सूचना लागोपाठ दिल्या, तर फोल्डर तयार होण्याआधीच फोटो हलवायला तो धावेल आणि तोंडावर आपटेल. जुन्या काळी यासाठी एका कामाच्या पोटात दुसरं, त्याच्या पोटात तिसरं असे डबे एकात एक घालावे लागत. २०१७ च्या मानकात 'अवेट' हा शब्द आला. ओळीच्या आधी तो लिहिला की अर्थ होतो, 'हे पुरं होऊ दे, मग पुढच्या ओळीवर ये'. २०२२ च्या मानकापासून तो मॉड्युल प्रकारच्या फाईलमध्ये सगळ्यात वरच्या पातळीवरही चालतो, त्यामुळे छोटी स्क्रिप्ट आता खरोखर पाककृतीसारखी वरून खाली वाचता येते.

पहिल्यांदा करणाऱ्यांनी एक पथ्य पाळावं. फोटो हलवण्याची ओळ लगेच लिहू नये. तिच्या जागी 'हा फोटो तिकडे जाईल' एवढंच पडद्यावर छापणारी ओळ लिहावी, यादी नीट बघावी आणि मगच खरी ओळ घालावी. टर्मिनलमध्ये रिसायकल बिन नसतो. एकाच नावाचे दोन फोटो एकमेकांवर पडले तर पहिला कायमचा गेला.

मग नवशिक्यांचं गाडं अडतं कुठे?

बहुतेकांचं अडतं ते पहिल्याच ओळीवर! 'कॅनॉट यूज इम्पोर्ट स्टेटमेंट आउटसाइड अ मॉड्युल' हे वाक्य लाल अक्षरांत बघून कित्येकांनी नोडला रामराम ठोकला असेल.

यामागे एक जुना घोळ आहे. एका फाईलमधून दुसऱ्या फाईलमधलं काही मागवायचं असेल तर ते कसं मागवायचं, याची सोय २००९ साली या भाषेत नव्हतीच. म्हणून नोडने 'कॉमन जेएस' नावाची पद्धत स्वीकारली आणि त्यात 'रिक्वायर' हा शब्द वापरला. सहा वर्षांनी, २०१५ च्या मानकात, भाषेने स्वतःची अधिकृत पद्धत आणली. तिचा शब्द 'इम्पोर्ट'. तोवर लाखो फाईल्स जुन्या पद्धतीने लिहून झाल्या होत्या. दोन पद्धती दोन वेगळ्या स्वभावांच्या. जुनी पद्धत फाईल तिथल्या तिथे आणते, तर नवी आधी सगळी यादी तपासते आणि मग काम सुरू करते. त्यामुळे एकीच्या जागी दुसरी सहज बसवता येईना.

२०१९ च्या अखेरीस नोडमध्ये नवी पद्धत कसल्याही जादा खटपटीशिवाय चालू लागली, पण अट होती. एक तर फाईलच्या शेवटी साध्या 'जेएस'ऐवजी 'एमजेएस' लावा, किंवा फोल्डरमधल्या 'पॅकेज डॉट जेसन' या फाईलमध्ये 'टाईप' म्हणजे 'मॉड्युल' असं लिहून ठेवा. इंटरनेटवरच्या जुन्या धड्यांत हे सांगितलेलं नसतं आणि तिथेच घात होतो. आता परिस्थिती बरीच सुधारली आहे. नोड २२ च्या अलीकडच्या आवृत्त्या फाईलमधला 'इम्पोर्ट' बघून स्वतःच ओळखतात, की ही नवी पद्धत आहे. थोडक्यात, लाल वाक्य दिसलं तर आधी नोडची आवृत्ती तपासा. ती जुनी असेल तर दोष तुमच्या कोडचा नसण्याचीच शक्यता जास्त.

दुसरी नेहमीची ठेच म्हणजे 'डॉक्युमेंट इज नॉट डिफाइन्ड'. वेबसाईटवरचा कोड उचलून टर्मिनलमध्ये चालवला की हे येतं. 'डॉक्युमेंट' म्हणजे ब्राउझरमधलं पान, आणि टर्मिनलमध्ये पानच नाही, मग ते सापडणार कुठून?

बाकी आधुनिक नोडने कितीतरी जादा सामान पोटात घेतलं आहे. इंटरनेटवरून माहिती आणणारी 'फेच' ही सोय २०२२ च्या नोड १८ पासून आतच आहे. टाईपस्क्रिप्टच्या फाईल्सही आता थेट चालतात. फक्त नोड त्यातले प्रकार तपासत नाही, नुसते पुसून टाकतो, हे लक्षात ठेवलेलं बरं.

मराठीचं काय?

मराठी माणसाला सुखावणारी एक गोष्ट सांगायलाच हवी. संख्या छापताना जावास्क्रिप्टला मराठीचा 'एमआर' हा संकेत दिला, तर ती १२,३४,५६७ अशी देवनागरी आकड्यांत आणि लाख-कोटीच्या हिशेबाने स्वल्पविराम देऊन छापते. ऑक्टोबर २०१९ मध्ये नोड १३ येईपर्यंत मात्र नोडच्या नेहमीच्या डाउनलोडमध्ये फक्त इंग्रजीचे नियम भरलेले असत. मराठी मागितली तरी उत्तर इंग्रजीतच यायचं. आता जगभरच्या भाषांचे नियम सोबतच येतात.

अक्षरं मोजताना मात्र जपून. 'मराठी' या शब्दाची लांबी विचारली तर जावास्क्रिप्ट पाच सांगते, कारण ती काना आणि वेलांटी वेगळी मोजते. डोळ्यांना दिसणारी तीन अक्षरं हवी असतील तर 'सेगमेंटर' नावाची वेगळी सोय वापरावी लागते. मराठी नावांच्या याद्या कापून-जोडणाऱ्यांनी हे विसरलं की वेलांट्या हवेत लटकू लागतात.

पण तिजोरीच्या चावीचं काय?

आता मूळ मुद्द्याकडे येऊया. आपल्या हाताने लिहिलेल्या वीस ओळींचा फारसा धोका नसतो. धोका असतो तो दुसऱ्यांच्या ओळींचा, आणि नोडच्या जगात दुसऱ्यांच्या ओळींशिवाय पान हलत नाही.

२०१० मध्ये 'एनपीएम' नावाचं कोठार सुरू झालं. कुणीही आपला कोड तिथे ठेवावा, कुणीही एका आज्ञेत तो उतरवून घ्यावा. सोय अफाट, म्हणून सवयही अफाट लागली. मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रामरने नावावरून झालेल्या वादात आपली पॅकेजेस कोठारातून काढून घेतली. त्यात 'लेफ्ट-पॅड' नावाचं एक अकरा ओळींचं पॅकेज होतं. शब्दाच्या डावीकडे मोकळी जागा भरायची, एवढंच त्याचं काम. ते गायब होताच जगभरचे मोठमोठे प्रकल्प अडकून पडले.

ती नुसती गैरसोय होती. दोन वर्षांनी जे घडलं ते गंभीर होतं. 'इव्हेंट-स्ट्रीम' या लोकप्रिय पॅकेजच्या मूळ लेखकाला त्याची देखभाल करण्यात रस उरला नव्हता. मदत करायला आलेल्या एका अनोळखी माणसाकडे त्याने ती सोपवली. त्या माणसाने आत आणखी एक पॅकेज जोडलं आणि त्यात 'कोपे' या बिटकॉइन वॉलेटमधून चोरी करणारा कोड लपवला. नोव्हेंबर २०१८ मध्ये हे उघड झालं, तोवर ते अनेकांच्या मशीनवर पोहोचलं होतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये तर 'शाई-हुलूद' आला. 'ड्यून' या कादंबरीतल्या वाळूतल्या महाकाय किड्याचं हे नाव. हा किडा बाधित पॅकेज उतरवताच चालू व्हायचा, मशीनवरचे पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या शोधायचा, आणि तो मशीनमालक स्वतः पॅकेजेस लिहीत असेल तर त्याच्याच किल्लीने त्याच्या बाकीच्या पॅकेजेसमध्ये स्वतःला घुसवून ती पुन्हा कोठारात ठेवायचा. शेकडो पॅकेजेस अशी बाधित झाली.

'उतरवताच चालू व्हायचा' हे शब्द पुन्हा वाचा. बऱ्याच जणांचा समज असतो, की कोड चालवला तरच धोका. पण एनपीएममध्ये पॅकेज बसवून झाल्याबरोबर आपोआप चालणारी 'पोस्ट-इन्स्टॉल' नावाची सोय आहे. म्हणजे दार उघडून पाहुण्याला आत घ्यायच्या आधीच त्याने कपाट उघडलेलं असतं!

याचा सोशल मीडियाशी संबंध आहे का? आहे, आणि थेट आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये पालो अल्टो नेटवर्क्स या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी एक फसवणूक उघड केली. तिचा संबंध त्यांनी उत्तर कोरियाशी जोडला. ऑनलाइन कुणीतरी नोकरी देणारा म्हणून संपर्क साधतो, मुलाखत ठरवतो आणि म्हणतो, 'हा प्रकल्प उतरवून घ्या आणि चालवून दाखवा'. प्रकल्प दिसतो साधाच, पण त्यातल्या एनपीएम पॅकेजमध्ये जावास्क्रिप्टमध्येच लिहिलेला चोर दडलेला असतो. तो ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड आणि क्रिप्टो वॉलेटची माहिती पळवतो. नोकरीच्या शोधात असलेला माणूस समोरच्याला नाही म्हणायला कचरतो, नेमका याच गोष्टीचा इथे फायदा घेतला जातो.

माजघराला दार बसवता येतं का?

रायन डालला हे खटकत होतंच. जून २०१८ मध्ये, पुन्हा बर्लिनच्याच जेएसकॉन्फमध्ये, त्याने नोडबद्दल वाटणाऱ्या दहा खंतांवर भाषण दिलं. सुरक्षेकडे झालेलं दुर्लक्ष ही त्यातली एक. त्याच भाषणात त्याने नवं काम दाखवलं, 'डेनो'. इंग्रजी 'नोड'ची अक्षरं उलटसुलट केली की हा शब्द होतो. मे २०२० मध्ये त्याची १.० आवृत्ती आली.

डेनोमध्ये स्क्रिप्टला सुरुवातीला काहीच हक्क नसतात. फाईल वाचायची आहे? तो टर्मिनलमध्येच थांबून तुम्हाला विचारतो. लिहायची आहे? पुन्हा विचारतो. नेटवर्कवर जायचं आहे? तेही विचारतो. थोडक्यात, ओसरी परत आली. पण या विचारण्याला कंटाळून 'सगळ्याला परवानगी' असा एकच मोठा 'ए' लिहून मोकळे होणारे लोक आहेतच, आणि मग डेनो असून नसल्यासारखा. शिवाय स्क्रिप्टला दुसरा प्रोग्राम चालवायची परवानगी दिली, तर त्या दुसऱ्या प्रोग्रामला डेनोची कुंपणं लागू होत नाहीत. ती एक परवानगी देताना दोनदा विचार करावा.

नोडनेही २०२३ च्या विसाव्या आवृत्तीपासून परवानग्यांची सोय आणली, पण ती मागितल्याशिवाय लागू होत नाही. नोडचे कर्तेच स्पष्ट सांगतात, की ती सीटबेल्टसारखी आहे. विश्वासातल्या कोडने चुकून भलतीकडे हात घालू नये यासाठी ती आहे, मुद्दाम दगा द्यायला आलेल्याला ती अडवेलच असं नाही. २०२३ मध्ये १.० आवृत्ती आलेला तिसरा भिडू 'बन' वेगासाठी प्रसिद्ध आहे. त्याने एक चांगली गोष्ट केली. दुसऱ्यांच्या पॅकेजेसच्या पोस्ट-इन्स्टॉल स्क्रिप्ट तो सरसकट चालवत नाही, फक्त विश्वासाच्या यादीतल्याच चालवतो. एनपीएममध्ये असंच हवं असेल तर बसवतानाच 'इग्नोर-स्क्रिप्ट्स' हा पर्याय जोडावा लागतो.

अनोळखी माणसाने दिलेला प्रकल्प चालवणं भागच असेल, तर तो स्वतःच्या नेहमीच्या मशीनवर चालवू नये. व्हर्च्युअल मशीन किंवा ब्राउझरमधून वापरता येणारं ऑनलाइन मशीन घ्यावं. तिथे ना तुमचे पासवर्ड असतात, ना बँकेचं लॉगिन. चालवण्याआधी 'पॅकेज डॉट जेसन' साध्या नोटपॅडमध्ये उघडून 'स्क्रिप्ट्स' या भागात 'प्री-इन्स्टॉल' किंवा 'पोस्ट-इन्स्टॉल' लिहिलंय का, ते बघायला अर्धा मिनिट लागतो. तिथे काही दिसलं नाही म्हणजे सगळं ठीक असं मात्र नाही, कारण आतल्या प्रत्येक पॅकेजची स्वतःची अशीच फाईल असते.

आणि फोटोंची विभागणी करणारी ती वीस ओळींची स्क्रिप्ट? ती कुणाकडून तरी आयती मिळाली असेल तर एकदा डेनोवर चालवून बघा. फोटोंचा फोल्डर वाचायला आणि त्यात लिहायला तिने परवानगी मागितली तर रास्तच आहे. पण फोटो इकडचे तिकडे करणाऱ्या स्क्रिप्टने नेटवर्कवर जायची परवानगी मागितली, तर 'एन' दाबायचं आणि फाईल उघडून वाचायला बसायचं.